लटीभर सुताचं टोपडं

खादीच्या जुन्या मापात चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी. आता संस्था हजार मीटरची गुंडी धरतात. पण माझ्या सासूबाईंच्या हातात जुनं माप बसलेलं होतं आणि त्यांच्याकडून ते तसंच माझ्याकडे आलं. सूत दहा अंकाचं कातलं, म्हणजे एका किलोत दहा हजार मीटर भरेल इतकं जाड, तर एका लटीचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास येतं. चार पदर एकत्र पिळले की ते सुयांवर विणण्याजोगं होतं आणि तेवढ्या सुतात नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एक टोपडं निघतं. गेली काही वर्षं माझं काम या हिशेबाने चाललं आहे.

सावंगी (मेघे) हे गाव वर्धा शहराला चिकटून, यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं आणि गावाचं रूपच पालटलं. शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, मेस आल्या, औषधांची दुकानं आली. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून पेशंटसोबत आलेले नातेवाईक इथे दिवसेंदिवस मुक्काम करतात. मीही दवाखान्याच्या नोकरीमुळेच या भागात स्थिरावले. नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलं, निवृत्त झाले, आणि आता घरी पेटी चरखा, तकली, सुया आणि दुपारी शिकायला येणाऱ्या बायका असा माझा उद्योग आहे. 'सिस्टर' ही हाक मात्र सुटलेली नाही.

वॉर्डात जे शिकले त्यातलं बरंच हातांनी शिकले. बाळ गार पडलंय का हे थर्मामीटर सांगतोच. साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस ही निरोगी बाळाची मर्यादा. पण थर्मामीटर येण्याआधी नर्सचा हात पोचतो. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. पोट उबदार आणि तळपायही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार आणि पाय गार, म्हणजे बाळ आपली ऊब राखण्यासाठी झगडतंय. दोन्ही गार असतील तर एक क्षणही घालवायचा नाही. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, त्यावर धड केस नसतात, आणि उघड्या डोक्यातून ऊब झपाट्याने निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी फारच कमी असते, त्यामुळे त्याला तर हा तोटा परवडतच नाही. अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली आणि आपल्याकडच्या दवाखान्यांतही आता रुळली आहे. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपडं एवढंच असतं. बाकी सगळी ऊब आईची. त्यामुळे टोपड्याकडे मी बाळंतविड्यातली शोभेची वस्तू म्हणून कधी पाहू शकले नाही.

आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. रंग सुंदर, भाव परवडणारा, आणि विणायला सुळसुळीत. आज्या, मावश्या हौसेने तिची टोपडी, स्वेटर विणतात. त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. पण ॲक्रिलिक घाम शोषत नाही. बाळाच्या टाळूवर पुरळ उठतं, मान ओली राहते. शिवाय आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीचा शेक आणि ओव्याची धुरी देण्याची रीत अजून आहे. निखाऱ्याजवळ ॲक्रिलिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. निखारा कोणत्याच कपड्याचा मित्र नाही, कापूसही पेट घेतो, म्हणून शेकाच्या वेळी टोपडं काढून ठेवा असं मी प्रत्येक आजीला सांगते. तरी वितळून चिकटणाऱ्या धाग्यापेक्षा कापूस बरा, आणि टाळूला तर कापूसच बरा. कापसाच्या जिल्ह्यात राहून बाळाच्या डोक्यावर प्लास्टिकचा धागा का घालायचा, या प्रश्नाने मला सुताकडे नेलं.

सूत घरात होतंच. सासूबाईंचं माहेर वर्ध्यालगतच्या नालवाडीचं. विनोबा एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याला आले, पुढे काही वर्षं नालवाडीत राहिले, आणि १९३८ मध्ये पवनारला गेले. नालवाडीत त्यांनी कातण्याच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. कातणारी बाई दिवसभर राबून काय कमावते हे त्यांना स्वतःच्या पोटावरून कळून घ्यायचं होतं. त्याच सुमाराला, १९३५ मध्ये, गांधीजींनी आग्रह धरला की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळाले पाहिजेत. तेवढी मजुरी खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघाला लगेच देता आली नाही, पण दर वाढवावे लागले. सासूबाईंची आई त्या काळात सूत देऊन मजुरी आणणाऱ्यांपैकी. त्यामुळे आमच्या घरात चरखा देव्हाऱ्याशेजारी नव्हता, तो स्वयंपाकघराच्या दाराशी होता, चूल आटोपली की हात पोचेल असा. मोठ्या माणसांच्या गोष्टी सासूबाई क्वचितच सांगत. त्या सांगत पेळूविषयी.

"सूत तुटलं म्हून चरख्याले कायले दोष देते बाई? पेळू पाय आधी."

आणि खरोखर नव्वद टक्के दोष पेळूतच असतो. कपाशीच्या बोंडातून सरकीसकट कापूस निघतो. रेच्यावर सरकी वेगळी केली की हाती येते रुई. जिनिंगमधल्या गाठीत ती दाबलेली असते, तंतू एकमेकांत गुंतलेले आणि कातायला मरगळलेले. घरी रेचलेली रुई उमललेली राहते. ती पिंजायची, म्हणजे धनुकलीच्या तातीने तंतू सुटे करायचे, पातळ थर घ्यायचा आणि काडीवर गुंडाळून पेळू करायची. तुनाई ही आणखी सावकाश रीत. तिच्यात धनुकलीही नाही. बोटांनीच रुई ओढत ओढत तंतू एका दिशेला आणायचे. वेळ खूप लागतो, पण तशा पेळूचं सूत इतकं समान येतं की विणताना बोटाला गाठ लागत नाही. नवजात बाळांच्या कामासाठी मी तुनाईच करते. दुसऱ्या कामाला ती परवडणार नाही.

कापूस मिळवणं मात्र सोपं राहिलेलं नाही. वर्धा जिल्ह्याला कापूस नवा नाही. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी होता. पण त्या देशी झाडाची जागा आधी अमेरिकन जातींनी घेतली आणि २००२ नंतर बीटी संकरित वाणांनी जवळजवळ सगळं शिवार व्यापलं. आजच्या संकरित कापसाचा तंतू २८ मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतो, गिरणीला तो हवाच असतो. देशी कापसाचा तंतू आखूड आणि रांगडा. गिरणी त्याला नाकारते, हात नाकारत नाही. आखूड तंतूला पीळ जास्त द्यावा लागतो, पण त्याचं सूत स्पंजासारखं फुगीर राहतं, त्यात हवा अडकते, आणि ऊब म्हणजे तरी अडकलेली हवाच. म्हणून देशी रुई मिळाली की मी ती सोडत नाही. कोरडवाहू शेतात घरच्यापुरत्या दोन ओळी लावणारे शेतकरी अजून आहेत. त्यांच्याकडची बोंडं मी वेचणीच्या वेळी सांगून ठेवते.

आता चरख्यापाशी काय घडतं ते सांगते, कारण शिकायला आलेल्या प्रत्येकीला ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा तिचा चेहरा बदलतो. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने चाक. चातीच्या टोकावरून पीळ सुटतो आणि तारेत धावतो. डावा हात मागे येतो, पेळूतून तंतू निसटत जातात, तार लांबते. नवशिक्या बाईची तार कुठे जाड, कुठे बारीक असते आणि ती घाबरून थांबते. थांबायचं नसतं. पीळ आधी बारीक जागी जातो. बारीक भाग पिळाने घट्ट होतो आणि आणखी ताणला जात नाही. जाड भागात पीळ कमी असतो, तिथले तंतू मोकळे असतात, म्हणून ओढ दिली की तोच भाग लांबतो आणि बारीक होतो. म्हणजे हात योग्य ओढ देत राहिला तर तार स्वतःच स्वतःला समान करत जाते. हे बोलून समजत नाही. मी तिच्या हातावर हात ठेवते, दोघी मिळून ओढतो, आणि अचानक तिला जाड जागा वितळल्यासारखी सरकताना बोटांत लागते. सासूबाईंनी मला तसंच शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, "घाई केली का कापसाले बरोबर समजते." वॉर्डात नवी नर्स आली की तिचा हात धरून बाळाच्या तळपायाला लावत असे, तेव्हाही हेच करत होते. ऊब किती, ओढ किती, याला शब्द अपुरे पडतात.

तार उतरली की ती फाळक्यावर घ्यायची, लटी बांधायची. मग दोन तार कातण्याच्या उलट दिशेने एकत्र पिळायचे, पुन्हा दोन, म्हणजे चार पदर. उलट पीळ नेमका बसला तर सूत हातात सोडल्यावर गुरफटत नाही, शांत लोंबतं. त्यानंतर धुण्याच्या सोड्याच्या चिमटीसह पाण्यात उकळायचं. पाणी चहासारखं तांबूस होतं. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, ते निघून जातं. मेण गेलं की सूत पाणी शोषायला लागतं, मऊ होतं आणि पीळ कायमचा बसतो. दोनदा-तीनदा साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेल्या सुताला मी रंग देत नाही. रंगाचं काम मी फार मानते. मगन संग्रहालयाच्या खादीवरचे वनस्पतिरंग पाहिले की हात पुढे होतो. पण नवजात बाळाच्या टाळूला पांढरंच.

लोकर विणणाऱ्या बायकांना सूत पहिल्यांदा सुयांवर घेतलं की ते अंगावर आल्यासारखं वाटतं. खऱ्या लोकरीत कुरळेपणा असतो, ती ताणली की परत येते. कापूस परत येत नाही. घट्ट विणलं की टोपडं पुठ्ठ्यासारखं होतं, सैल विणलं की धुतल्यावर लोळतं. म्हणून काठाला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी थोडी जास्त उंच घ्यायची, ती दुमडायची, आणि ताणाचं काम तिच्यावर सोडायचं. मधला भाग साधा सुलट. चार सुयांवर गोल विणायचं म्हणजे शिवण येत नाही. बाळ पाठीवर झोपतं, शिवण डोक्याखाली टोचते. शेंड्याला टाके कमी करत आणायचे, उरलेल्या टाक्यांतून सूत ओवून आत बांधायचं. बो नाही, गोंडा नाही, मणी नाही, हनुवटीखाली नाडी नाही. आत एक सुटा धागाही ठेवायचा नाही. सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो आणि रडण्याचं कारण कोणाला कळत नाही. टोपडं उलटं करून प्रत्येक टोक आत ओवलं की नाही हे मी स्वतः तपासते. या बाबतीत कोणाला वाईट वाटलं तरी मी ढिलाई करत नाही.

आणि उन्हाळ्यात टोपडं द्यायचंच नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. तरीही बाळाला ऊन बाधू नये म्हणून दुपट्यात, टोपड्यात करकचून बांधलेलं मी कितीदा पाहिलंय. बाळाला मोठ्यांसारखी घामावाटे ऊब पुरेशी बाहेर टाकता येत नाही, ते आतल्या आत तापतं. मार्च संपला की माझ्या घरातून टोपडी जात नाहीत, सुती झबली आणि पातळ दुपटी जातात. आई-आज्यांना तळपायाला हात लावून पाहायला शिकवलं की काय घालायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येतं.

आपल्या वर्ध्यात सुताचा आदर फार आहे, हे मी अभिमानाने सांगते. मगनवाडीत गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेलं मगन संग्रहालय आहे. तकलीपासून पुढच्या चरख्यांपर्यंतचा प्रवास तिथे डोळ्यांपुढे येतो. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर मेहनत घेतली तो पेटी चरखा, पायाने चालवून दोन्ही हातांनी दोन तार काढण्यासाठी बनवलेला मगन चरखा, तमिळनाडूच्या एकंबरनाथ यांच्या नावावरून ओळखला गेलेला अंबर. चांगल्या चरख्यासाठी चरखा संघाने १९२९ मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळातले एक लाख! एका हातयंत्रासाठी देशाने एवढी पैज लावावी, यावरून कातणाऱ्या बाईच्या श्रमाला किती मोल होतं ते समजतं. शिकायला येणाऱ्या बायकांना मी तिथे आवर्जून नेते. शेजारीच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथे सौर चरख्यावर काम झालं आहे. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं अजून कापसाचं काम हाताने करतात. १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेतून निघालेल्या नयी तालीमची ती वाट.

पण एक गोष्ट मनाला लागते, आणि ती सूत जपणाऱ्या माझ्याच माणसांना सांगायची आहे. दोन ऑक्टोबरला, तीस जानेवारीला, आणि बारा फेब्रुवारीला पवनारला धाम नदीकाठच्या सर्वोदय मेळाव्यात माणसं श्रद्धेने सूत कातून आणतात. मीही जाते. तिथे हातात गुंडी येते तेव्हा मी ती सवयीने बोटांतून फिरवते. कित्येकींत जाड-बारीक, कमी पिळाचं सूत असतं, मागावर घेतलं तर पहिल्याच ओढीला तुटेल असं. चरखा संघाच्या काळात सुताचा अंक काढत, समानता पाहत, कस पाहत, आणि त्याप्रमाणे मजुरी ठरे. त्यात श्रद्धेचा अपमान नव्हता. कच्चं सूत दिलं की दिवसभर तुटक्या तारा जोडत बसते ती विणणारी, तिची मजुरी बुडते. कातणाऱ्याची श्रद्धा तिच्या वाट्याला कष्ट होऊन येते. घराघरांत कपाटात ठेवलेल्या गुंड्या पाहिल्या की मला वाटतं, हे सूत अजून कुणाच्या अंगावर पोचलेलं नाही. अंगावर पोचेपर्यंत कातणं पुरं झालं असं मी मानत नाही.

एकट्या बाईने कातलेलं सूत अंगावर पोचत नाही, याला साधं गणितही कारणीभूत आहे. एक मीटर रुंद, एक मीटर लांब साध्या खादीला साधारण चार गुंड्या सूत लागतं. पातळाला त्याच्या कितीतरी पट. शिवाय ताणा करायला एकसारखं सूत भरपूर हवं, माग हवा, विणकर हवा. घरी दुपारी तासभर कातणारीने हे कुठून आणायचं? सुयांना यातलं काही लागत नाही. कपाशीच्या बोंडापासून बाळाच्या डोक्यापर्यंतचं सगळं काम एका घरात, एका बाईच्या हातून होतं, आणि लटीभर सूतही वाया जात नाही. खादीच्या लोकांनी दोन सुयांवरच्या विणकामाकडे फारसं लक्ष दिलं नाही याची मला खंत आहे. ते शहरी बायकांची करमणूक मानलं गेलं. वर्ध्यातल्या एकट्या कातणारीसाठी तोच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

लोकरीचीही थोडी गोष्ट सांगायला हवी. हिवाळ्याच्या सुमाराला काठेवाडी मेंढपाळांचे तांडे आमच्या बाजूच्या शेतांवर उतरतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतो, खत मिळतं. मेंढ्यांची लोकर कातरावीच लागते, पण त्या जाड, राठ लोकरीला गिऱ्हाईक नाही. अशाच एका तांड्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी मला पोत्यात भरून लोकर दिली आणि पैसे घ्यायला तयार झाले नाहीत. लोकर कोणी मागितलीच, याचं त्यांना अप्रूप होतं. ती राठ लोकर बाळाला चालणारी नव्हतीच. पण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, आणि गरम पाणी, साबण व चोळणं यांनी ते उघडून एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. कापसाला खवले नाहीत, म्हणून कापूस कितीही चोळा, तो घट्ट होत नाही. काश्मीरचा नमदा, आपल्या जुन्या घरांतले बुरणूस याच गुणावर उभे आहेत. रिठ्याच्या पाण्यात लोकर धुऊन, पिंजून, जुन्या लुगड्यावर आडवे-उभे पातळ थर पसरून, कोमट साबणपाणी शिंपडून आम्ही ते काठीवर गुंडाळतो आणि दोघी-तिघी मिळून पुढे-मागे लाटतो. बघता बघता थर आकसतो, घट्ट होतो, सुताच्या एकाही टाक्याविना कापडासारखा एकसंध होतो. त्याची बसकरं केली. थंडीत शहाबादी फरशीवर बसून कातताना गुडघे धरतात, ते आता धरत नाहीत.

राहिला प्रश्न मजुरीचा, आणि तो मला सगळ्यात जड जातो. रुई तुनून, कातून, पिळून, उकळून, विणून एका टोपड्याला सगळे मिळून निदान पाच-सहा तास जातात. मला पेन्शन आहे, मी टोपडं फुकट देऊ शकते. वॉर्डाबाहेर, खोल्या घेऊन राहणाऱ्या बाळंतिणींना मी ती तशीच देत आले. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांना पेन्शन नाही. कोणी मेसमध्ये पोळ्या लाटते, कोणी दोन घरी धुणीभांडी करते. त्यांनी आपली दुपार का द्यावी? खादीत कातणारीची मजुरी गुंडीवर ठरते, आणि पेटी चरख्यावर गुंडीच्या दराने घर चालत नाही. माझं म्हणणं पहिल्यापासून असं होतं की बाळाची वस्तू विकू नये. एकदा यावर चांगलीच बोलाबोली झाली. आमच्यातली सगळ्यात समान सूत काढणारी बाई, एरवी फारसं न बोलणारी, सुया खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, तुमी देता ते पुण्य. आमी केलं त ते काम हाय. कामाचे पैसे मागाची लाज कायची?"

आठ आण्यांच्या त्या जुन्या आग्रहाचा अर्थ मला पुस्तकातून जेवढा कळला नव्हता तेवढा त्या वाक्याने कळला. आता आमची रीत अशी आहे. टोपड्याची किंमत शेतमजुरीच्या चालू दराने तासांवर काढायची. कुणाची सून, मुलगी बाळंत झाली, ज्यांना बाळंतविडा घ्यायचाच आहे आणि ऐपत आहे, त्यांना ते पूर्ण किमतीत विकायचं. बाहेरगावहून आलेल्या गरीब बाळंतिणीला द्यायचं ते टोपडं मी विकत घ्यायचं, इतरांच्याच भावात, आणि मग द्यायचं. पैसे कातणारी आणि विणणारी यांच्यात तासांप्रमाणे वाटायचे. जाड-बारीक सूत काढणारीचे तास कमी धरायचे नाहीत, पण तिचं सूत समान होईपर्यंत ते टोपड्यात घ्यायचं नाही, बसकराच्या काठाला, पिशवीला वापरायचं. या शेवटच्या अटीवर अजून दर आठवड्याला कुरबूर होते. ज्या बाईचं सूत पिशवीला जातं ती रुसते आणि पुढच्या खेपेला पेळू स्वतः तुनून आणते. सध्या आम्ही सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांसाठी लहान माप बसवतोय. त्याला सूत आणखी बारीक लागणार, पदर तीनच ठेवावे लागणार, आणि अशा बारीक सुताला कस टिकवायला पीळ किती द्यायचा हे अजून जमवायचं आहे.